आधी चुलीची जागा

आदरणीय श्री. शालिकराव बोरसे, म्हणजे आपणा सर्वांचे आप्पा, यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या ग्रंथासाठी मी लिहावं, असा समितीचा निरोप आला तेव्हा आमच्या शाळेतले एक सहकारी हसले. म्हणाले, बाई, कवींचे सत्कार ऐकले, पुढाऱ्यांचे पाहिले, दलालाचा सत्कार काही आजवर ऐकला नव्हता. मी त्यांना विचारलं, तुम्ही राहता ती जागा कोणी दाखवली? ते चहाच्या कपात बघू लागले. सुरतेत लिंबायतीपासून गोडादऱ्यापर्यंत आपल्या मराठी माणसांत हा प्रश्न कुणालाही विचारा, बहुतेकांची नजर अशीच कपात जाईल.

समितीनं मला बजावलं आहे की लेख गौरवाचा हवा, गोड हवा. गोड लिहिणं मला फारसं जमत नाही. शिवाय आप्पांविषयी माझ्या मनात आदराइतकाच एका गोष्टीचा रागही आहे. ज्यांनी साऱ्या वस्तीला घरं दाखवली, ते स्वतः साठाव्या वर्षीही भाड्याच्या खोलीत आहेत. ती खोलीही आता दिवाळीपर्यंत खाली करायची आहे, कारण तिथं फ्लॅट होणार. असं का झालं हे मला माहीत आहे. ते सगळ्यांना माहीत व्हावं म्हणून लिहिते. समितीनं काटछाट करू नये.

आप्पांची नि माझी पहिली भेट भांडणानंच झाली. मी लग्न होऊन पारोळ्याकडून सुरतेत आले आणि नुकतीच मराठी शाळेत लागले होते. लिंबायतीत आमची एकच खोली होती. मधोमध जुन्या साडीचा पडदा. अलीकडे आमचे हे, मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना सगळे जिजी म्हणतात. पलीकडे ह्यांच्या गावचे दोघं रातपाळीचे, मागावरचे कारीगर दिवसभर झोपत. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी भांडी फडक्यावर घासायची. त्यात मालकानं खोली खाली करायला सांगितलेली. अशा वेळी एका दुपारी दारात सायकल उभी राहिली. डोक्यावर टोपी, पायजम्याला चिमटे, अंगानं काडीसारखे एक गृहस्थ हात जोडून आत आले. ह्यांनीच बोलावलेले दलाल आप्पा ते. दलाल म्हटल्यावर माझं डोकं सणकलंच. पण त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ऐपत किती, जागा कुठं हवी, काही विचारलं नाही. मलाच म्हणाले, "मास्तरीणबाई, चूल कुठं मांडणार?"

मी म्हटलं, राहायला खोली नाही आणि चूल काय तुमच्या डोक्यावर मांडू? आप्पा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. म्हणाले, मग आधी तेच ठरवू. आणि दुसऱ्या दिवशी मला नि जिजींना ते पर्वत पाटियापासून पुढे उन्हातान्हात पायी चालवत गोडादऱ्याच्या शेतात घेऊन गेले.

ही त्यांची कामाची पद्धत होती, आजही आहे. जागा दाखवायला ते पुरुषाला एकट्याला कधी नेत नाहीत. घरातली बाई बरोबर हवी. मोकळ्या जमिनीवर चुन्याच्या रेघा असतात, त्या रेघांच्या आत तिनं उभं राहायचं आणि चुलीची जागा दाखवायची. तिथं तीन विटा मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं. बाईला जागा दाखवता आली नाही, ती नुसतीच घुटमळली, तर आप्पा म्हणत, हे घर तुमचं नव्हे, दुसरं बघू. आणि दलाली? ती व्यवहाराच्या दिवशी घ्यायचीच नाही. पुढं घर उभं राहिलं, त्या विटांवर पहिलं अन्न शिजलं, की आप्पांना जेवायला बोलवायचं. रोजचं मग रॉकेलच्या स्टोव्हवर शिजेना का. आप्पा जेवत, हात धूत, आणि मग दलाली घेत. चूल पेटली नाही तर घर झालं नाही, आणि घर झालं नाही तर दलाली कसली, असं त्यांचं साधं म्हणणं. बाकीचे दलाल त्यांना वेडा म्हणत.

ही पद्धत त्यांना कुठून सुचली ते त्यांनीच एकदा सांगितलं. आप्पा मूळचे लूमवरचे कारीगर. तरुणपणी आले तेव्हा खोली हा शब्दच नव्हता. जिथं माग चालतात ते खातं, तिथंच दोन मागांच्या मधल्या पट्टीत माणसं झोपत. मग खोल्या आल्या, पण एका खोलीत दोन पाळ्या. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच अंथरुणावर पडत. अंथरूण कधी थंड होत नसे, असं आप्पा सांगतात. बायका गावी. बायकोला आणायचं तर खोली हवी, आणि मालक म्हणणार, आधी फॅमिली दाखवा मग खोली देतो. त्यात किती जणांची उमेद गेली. आप्पांच्या सोबतच्या एका कारीगरानं तरीही हिंमत करून नवी नवरी आणली. ती माउली बोचकं घेऊन खात्याच्या दाराशी बसून राहिली. आप्पांनी मागाला सुट्टी केली, वस्ती पालथी घातली आणि एका म्हातारीच्या ओसरीचा कोपरा मिळवला. तिथं त्या मुलीनं तीन विटा मांडून खिचडी शिजवली. आप्पांना पहिला घास आणि एक नारळ मिळाला. हीच त्यांची पहिली दलाली.

पुढं शहर फुगत गेलं. चाळी झाल्या, चाळींवर पतरे चढले. मग शेतं मोजली जाऊ लागली आणि जो तो प्लॉट म्हणू लागला. कालपर्यंत ज्वारी होती तिथं चुन्याच्या रेघा पडल्या. स्टँप पेपरवर सह्या झाल्या की जागा आपली, असा तो काळ. आमची माणसं मागावर पाळ्या करकरून त्या रेघांच्या मागे धावत होती. खरेदी रीतसर आहे की नाही हे पाहायला कुणाला फुरसत नव्हती, आणि पाहून कळण्याइतकं शहाणपण आम्हा शिकलेल्यांतही नव्हतं. आम्ही आप्पांकडे बघायचो.

तर आप्पांनी आम्हाला गोडादऱ्याच्या शेतात नेलं, तो प्लेगच्या वर्षीचा उन्हाळा. शेताच्या कडेला निंबाचं झाड होतं. जिजी सगळीकडे फिरल्या आणि निंबाखालच्या प्लॉटवर येऊन थांबल्या. कोपरा दाखवून म्हणाल्या, चूल इथं. विटा मांडल्या, हळदकुंकू झालं. जमिनीचे मुखत्यार म्हणवणारे एक गृहस्थ होते, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. त्यांच्याशी कागद झाला. माझ्या आईनं दिलेले दागिने त्यात गेले. ह्यांनी पाळ्या ओढल्या. पावसाआधी जोतं बांधून झालं, जिजींनी विटा पुन्हा त्याच कोपऱ्यात वर मांडल्या. आता पतरे टाकून राहायला जायचं एवढंच उरलं होतं.

इथं आमच्या खानदेशी डोक्यानं घोळ घातला. जिजींचं म्हणणं, नव्या घरात पहिली चूल कानबाईच्या रोटांना पेटणार. श्रावणात ही आमची खानदेशची देवी घरोघर बसते, भाऊबंद जमतात, नैवेद्याचे रोट होतात, ते भाऊबंदांनीच खायचे; ते जिथं होतात ते घर. आणि नेमकी त्या श्रावणात गावाकडे भावकीत मयत झाली. सुतक आलं, रोट राहिले. आप्पा घरी येऊन कळवळून सांगत होते की जिजी, सुरतेत रिकामी जागा राखता येत नाही, दूध उतू जाऊ द्या, खिचडी शिजवा, पण चूल पेटवा. जिजींचं एकच: पहिले कानबाई, मंग चूल. पुढच्या श्रावणापर्यंत थांबायचं ठरलं, खोलीच्या मालकाकडून तोवरची मुदत मागून घेतली. मीही काही बोलले नाही. सुनेनं कानबाईच्या आड यायचं म्हणजे झालंच.

मग प्लेगची हूल उठली आणि सुरत रिकामी झाली. उधना स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती. आम्हीही तोंडाला फडकं बांधून गाव गाठलं. दिवाळी गावीच झाली. परतलो ते जिजींना जोतं बघायची घाई, म्हणून बोचक्यांसकट थेट गोडादऱ्याला गेलो. लांबून निंब दिसला. त्याच्याखालून धूर निघत होता.

आमच्या जोत्यावर पतऱ्याच्या भिंती उभ्या होत्या. दारात दोरीवर लुगडं वाळत होतं. जिजी होत्या तिथंच मातीत बसल्या. आतून एक बाई कडेवर पोर घेऊन बाहेर आली, आम्हाला बघून तिनं पोराला घट्ट धरलं. तिचे यजमान माधवराव, गवंडी, हिंगोलीकडचे. ते बांधावरून धावत आले. त्यांनी खिशातून स्टँप पेपर काढला. ह्यांनीही काढला. तोच शेठ, तीच जागा, दोन्ही कागदांवर पूर्वेला निंबाचं झाड. आम्ही पळून गेलो होतो तेव्हा रिकामं जोतं पाहून शेठनं तेच दुसऱ्यांदा विकलं होतं, दुसऱ्याच एका दलालाच्या हातून.

तासाभरात आमच्या गल्लीची पोरं लाकडी दांडे घेऊन आली. तिकडून गवंड्यांची माणसं सळया घेऊन उभी राहिली. दोन्हीकडची माणसं मराठीच, पण त्या घटकेला कुणी कुणाचं नव्हतं. मी ह्यांचा शर्ट मागून धरून ठेवला होता. तेवढ्यात आप्पांची सायकल आली. त्यांनी दोन्ही कागद वाचले. आप्पांच्या तोंडावरचा रंग उडालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांनी हात जोडून दोन्हीकडच्यांकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि शेठकडे गेले. शेठ म्हणाले, दोन्ही कागद खरे आहेत, तुमचं तुम्ही मिटवा. नंतर शेठच्या दाराला कुलूप लागलं ते लागलंच. कोर्टात गेलो असतो तर दोघांचीही हयात गेली असती.

त्या आठवड्यात शाळेत मी फळ्याकडे तोंड करून नुसती उभी राहायची. घरी हे जेवेनात. जिजी भिंतीकडे तोंड करून पडून. दागिने गेले, खोली तर सोडायचीच होती, आता काय गावी तोंड घेऊन जायचं? गल्लीतली पोरं ठरवून बसली होती की रविवारी पतरे ओढून काढायचे. गवंड्यांनीही माणसं बोलावली असल्याचं कानावर होतं. रविवारी मारामारी होणार आणि त्यात ह्यांचं काहीतरी बरंवाईट होणार, असं मी मनाशी धरूनच चालले होते.

रविवारी सकाळी सगळे निंबाशी जमलो, तो जोत्यावर आप्पा आधीच येऊन बसलेले. मांडी घालून. पोरं दांडे घेऊन पुढं सरकली. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आत वळून त्या बाईला, गंगाबाईंना, म्हणाले की बाई, भूक लागली आहे, जेवायला वाढा.

गंगाबाईंना काही कळेना. पण आलेल्या माणसानं जेवायला मागितल्यावर बाई काय करणार? त्यांनी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. आप्पा शांतपणे जेवू लागले. इकडे आमच्या माणसांवर वीजच पडली. आप्पांनी जेवणं म्हणजे काय हे त्या गर्दीत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या चुलीचं आप्पा जेवले, ते घर त्या बाईचं. मागून कुणीतरी फितूर म्हणालं. खरं सांगते, माझ्याही तोंडात तोच शब्द होता. ह्यांच्या हातातला दांडा खाली गळून पडला, आणि मला वाटलं, संपलं आपलं.

आप्पा जेवले, हात धुतले आणि जोत्यावरून उतरून जिजींपुढे आले. जिजींनी तोंड फिरवलं. आप्पा आमच्या अहिराणीत म्हणाले, "जिजी, तुमनी चूल जागावर शे. चला, देखी ल्या."

चूल जागेवर आहे, बघून घ्या, म्हटलं तरी जिजी हलेनात. मीच त्यांचा दंड धरला आणि आत नेलं. पतऱ्याच्या आत उजेड कमी होता. समोरच्या भिंतीशी गंगाबाईंची चूल, तिच्यात विस्तव. आणि पलीकडच्या कोपऱ्यात जिजींनी उन्हाळ्यात मांडलेल्या तीन विटा जशाच्या तशा. भोवती शेणानं सारवलेलं, विटांवर ताजं हळदकुंकू. एवढ्याशा जागेत दोन लेकरं, संसार, सगळं त्या कोपऱ्याला वळसा घालून मांडलेलं होतं. जिजींनी विचारलं, हे कोणी केलं? गंगाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कुण्या बाईनं मांडलेली चूल हाय ती," त्या म्हणाल्या. "म्या कशी हलवावी?"

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, की या जागेवर आणखी कुणाचा तरी जीव आहे. यजमानांनी सांगितलं असेल, कागद आपला आहे. कागद पुरुषांचे. विटा पाहून ती बाई रोज धास्तावत होती आणि रोज त्यांना हळदकुंकू वाहत होती.  जिजींनी खाली बसून सरळच असलेली एक वीट पुन्हा सरळ केली. मला तिथं रडू आलं ते मी लपवलं नाही.

यानंतर सगळं झटक्यात गोड झालं असं कुणी समजू नये. आप्पांनी मधला मार्ग काढला. त्याच गल्लीच्या टोकाला त्यांचा स्वतःचा एक प्लॉट होता. ते म्हणाले, शेठवर मी भरवसा ठेवला, तुम्हाला मी आणलं, तेव्हा चूक माझी. दोघांपैकी कुणीही एकानं माझा प्लॉट घ्यावा. सोन्यासारखी गोष्ट! पण जिजी म्हणाल्या, मांडलेली चूल उचलत नाहीत. गंगाबाई म्हणाल्या, पेटलेली चूल हलवत नाहीत. दोघी एकमेकींकडे न बघता एकच बोलत होत्या. आप्पांनी कपाळाला हात लावला. त्यांचाच नियम त्यांच्यावर उलटला होता.

मग माधवराव बोलले. तोवर ते कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, जागा रुंद होत नसेल, पण उंच होते की. मी गवंडी आहे, स्लॅब मी टाकतो. सिमेंट-लोखंड कुठून आणायचं तेवढं सांगा. आप्पा म्हणाले, ते माझ्याकडे लागलं. आणि दोन्ही कागद आप्पांनी दोघांकडून घेतले, अदलाबदल केले. आमचा कागद गंगाबाईंच्या पेटीत, त्यांचा जिजींच्या ट्रंकेत. उद्या भाव वाढला आणि कुणाचं मन फिरलं, तर दुसऱ्याला विचारल्याशिवाय कुणालाच काही विकता येऊ नये म्हणून. माणसांवर विश्वास ठेवावा, पण त्यांना मोहाच्या दारात उभं करू नये, असं आप्पा म्हणाले.

खालचा मजला आमचा, वरचा गंगाबाईंचा ठरला; चूल हलवत नाहीत, पण विस्तव नेता येतो. जिना पुरता झालाही नव्हता तेव्हा गंगाबाईंनी आपल्या चुलीतला विस्तव घमेल्यात घेतला आणि कच्च्या पायऱ्यांवरून तो न विझू देता वर नेला. पुढच्या श्रावणात आमच्याकडे कानबाई बसली. जिजींची चूल पेटायची होती. काडेपेटी हातात घेऊन जिजी थांबल्या आणि मला म्हणाल्या, वर जा, विस्तव मागून आण. मी आणला. त्या विस्तवावर आमच्या घरातलं पहिलं अन्न शिजलं. रोट मात्र जिजींनी गंगाबाईंना दिला नाही हां. भाऊबंदांचे रोट ते भाऊबंदांचेच. खीर मात्र पातेलंभर वर गेली. आप्पा दोन्ही मजल्यांवर जेवले. दलाली पुढं केली तर म्हणाले, एका जागेवर दोन चुली, ही दलाली कशी मोजायची ते मला कळत नाही, कळलं की मागेन. अजून मागितलेली नाही.

सिमेंट-लोखंड कुठून आलं ते आम्ही विचारलं नाही. आनंदात माणसं असं काही विचारत नाहीत. कळलं ते वर्षभरानं, आप्पांच्या पत्नी वत्सलामामींकडून. मी त्यांच्या खोलीवर गेले होते. खाली वाकले तर खाटेखाली फडक्यात बांधलेल्या तीन विटा. विचारलं, मामी, हे काय? आधी सांगेनात. मग म्हणाल्या, आप्पांनी गल्लीच्या टोकाचा प्लॉट विकला, त्यातून तुमचा स्लॅब पडला. त्या प्लॉटवर मामींनी चुलीची जागा दाखवली होती. विटा मांडल्या होत्या, हळदकुंकू वाहिलं होतं. जागा गेली तेव्हा मामी एकट्याच जाऊन विटा उचलून घेऊन आल्या, आणि कितीतरी दिवस आप्पांशी बोलल्या नाहीत. मी मामींच्या बाजूची आहे, हे इथं छापील सांगते. आप्पा, साऱ्या जगाच्या बायकांना तुम्ही चुलीची जागा विचारलीत, आणि घरच्या बाईची मांडलेली चूल तिला न विचारता उचललीत. हे मोठेपण आहे, मला मान्य आहे. पण मला त्याचा राग येतो, तो येणारच.

आता काळ आणखी पालटला आहे. प्लेगनंतर शहर धुतल्यासारखं झालं, रस्ते रुंदावले, आणि जमिनीला नुसते भाव आले. आमच्या गल्लीसमोरच फ्लॅटची स्कीम उभी राहते आहे. आता घर जमिनीवर उभं राहून बघत नाहीत, रंगीत कागदावर बघतात. दलालांच्या कमरेला पेजर आले. आप्पा अजून सायकलवरच. पण तिथंही त्यांनी आपला हट्ट सोडलेला नाही. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांच्या सुनेला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवायला ते स्वतः गेले. स्वयंपाकाचा ओटा अजून बांधायचा होता. आप्पांनी तिला तिथं उभं केलं, पोळी लाटायला सांगितलं, हवेतल्या हवेत. ती लाजत लाजत लाटू लागली. तिच्या मनगटापाशी आप्पांनी कोळशानं भिंतीवर रेघ ओढली आणि बिल्डरच्या माणसाला बजावलं की ओटा या रेघेवर, तुमच्या मापावर नाही. आमच्या बायका ठेंगण्या असतात, जन्मभर खांदे वर करून पोळ्या लाटतील. तो माणूस कुरकुरला, पण ओटा तिथंच झाला. दलाली आप्पांनी ती सून पहिल्यांदा पोळ्या लाटेपर्यंत घेतली नाही.

निंबाच्या प्लॉटवरही त्यांची परीक्षा झाली. स्कीमवाल्यांना कोपरा हवा होता. त्यांनी आप्पांना सांगितलं, दोन्हींपैकी एका घराला फोडा, तुमचं आयुष्य निघेल एवढी दलाली देतो. आप्पांना स्वतःची खोली सुटणार हे तेव्हा कळून चुकलं होतं. आम्हाला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही; स्कीमवाल्यांचाच माणूस नंतर माधवरावांना सांगून गेला, की तुमचा म्हातारा ऐकत नाही. त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर आम्ही सगळे बसलो. आपले आप्पा दिवाळीनंतर कुठं जाणार, हा एकच विषय होता.  शेवटी जिजी उठल्या, गच्चीवर गेल्या, नि माधवरावांना हाक मारून म्हणाल्या की इथं भिंत कधी उभी करतो?

म्हणून आता माझी समितीला विनंती. आप्पांना शाल द्या, श्रीफळ द्या, मानपत्र वाचा, सगळं थाटात करा. पण ती शाल टांगायला खुंटी लागते, आणि खुंटीला भिंत लागते. ती माधवरावांनी उभी केली आहे. आमच्या दोन्ही चुलींच्या वर, गच्चीवर, एक खोली. खिडकीतून निंब दिसतो. पतरे नाहीत, स्लॅब आहे. ओटा मात्र मुद्दाम बांधलेला नाही.

आप्पा, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, आणि दोन जिने चढण्याएवढे गुडघे शेवटपर्यंत धड राहोत. जिजींनी हेच कानबाईकडे मागितलं आहे, आणि गंगाबाईंनी आपल्या गावच्या देवाकडे. नको म्हणू नका. ही जागा तुम्हाला दाखवलेलीच नाही. ती मामींना दाखवायची आहे.

मामी, खाटेखालच्या त्या तीन विटा घेऊन या. चूल कुठं मांडायची ते सांगा. विस्तव खालून आणून देऊ. आणि पहिलं अन्न शिजलं की आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलवा. तोवर घर झालं असं आम्ही धरणार नाही.